छाटणीच्या यादीतले चार रकाने

हार्वर्ड विद्यापीठात पदवीच्या प्रवेशाचे काम शेवटच्या टप्प्यावर येते, तेव्हा चाळीस जणांच्या समितीपुढे उपलब्ध जागांपेक्षा थोडी जास्त नावे शिल्लक असतात. ती कमी करण्याच्या कामाला तिथल्या प्रवेश कार्यालयात ‘लॉप’, म्हणजे छाटणी, असेच नाव आहे. न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार छाटणीच्या यादीत गुणपत्रिका नसे, निबंध नसे, शिक्षकांचे शिफारसपत्र नसे. प्रत्येक नावासमोर चारच गोष्टींची नोंद असे : विद्यार्थ्याचे आईवडील हार्वर्डचे माजी विद्यार्थी आहेत काय, त्याला एखाद्या खेळाच्या संघासाठी घेतले जात आहे काय, तो आर्थिक साहाय्यास पात्र आहे काय, आणि त्याचा वंश कोणता. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यांपैकी चौथा रकाना बेकायदा ठरवला. पहिल्या तीन रकान्यांना त्याने हात लावला नाही, कारण खटला त्यांच्याविषयी नव्हता. या निकालाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्यातले बहुतेक लेखन चौथ्या रकान्याभोवतीच फिरते. माझ्या मते अन्यायाचे मूळ त्या एका रकान्यात नव्हते. कोणता रकाना किती जड, हे कोणालाही न सांगता ठरवण्याची जी मुभा विद्यापीठाने स्वतःकडे ठेवली होती, तिच्यात ते होते. आणि ती मुभा निकालानंतरही जशीच्या तशी आहे.

आपल्याकडे बोलताना या निकालाचा उल्लेख ‘अमेरिकेतले आरक्षण गेले’ असा सर्रास होतो. मुळात तिथे आरक्षण नव्हतेच. राखीव जागांची पद्धत त्याच न्यायालयाने १९७८ सालीच मोडीत काढली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरांपैकी सोळा जागा अल्पसंख्य समाजांतील उमेदवारांसाठी बाजूला ठेवल्या होत्या. ॲलन बाक्की या गोऱ्या उमेदवाराने त्याविरुद्ध दाद मागितली आणि त्या सोळा जागा गेल्या. मात्र अर्जाचा एकंदर विचार करताना वंश ही इतर अनेक गोष्टींपैकी एक गोष्ट म्हणून लक्षात घ्यायला हरकत नाही, असे न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी म्हटले, आणि आदर्श नमुना म्हणून हार्वर्डच्याच प्रवेशपद्धतीकडे बोट दाखवले. पुढे २००३ साली मिशिगन विद्यापीठाविरुद्धच्या दोन खटल्यांचे निकाल एकाच दिवशी लागले. पदवीच्या प्रवेशासाठी ते विद्यापीठ दीडशे गुणांची मोजणी करी आणि त्यात कृष्णवर्णीय, लॅटिनो व आदिवासी अर्जदारांना सरसकट वीस गुण देई. ही पद्धत घटनाबाह्य ठरली. त्याच विद्यापीठाचे विधी महाविद्यालय मात्र गुणांचा आकडा न मांडता ‘समग्र विचार’ करीत होते. ते घटनेत बसले. याचा अर्थ असा झाला की वंशाचे वजन कागदावर लिहिले तर गुन्हा, आणि मनात ठेवले तर शहाणपण. प्रवर्गनिहाय जागांचा तक्ता आणि प्रत्येक फेरीचा कटऑफ छापील पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला हा न्याय चमत्कारिक वाटेल, आणि तो आहेही. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी आकडे लपवायला सुरुवात केली ती केवळ स्वभावाने नव्हे. कायद्यानेच त्यांना तो रस्ता दाखवला होता.

हार्वर्डचे दप्तर उघडले गेले ते खटल्यामुळे. हार्वर्ड आशियाई अर्जदारांशी भेदभाव करते, असा दावा एडवर्ड ब्लुम या कार्यकर्त्याने स्थापन केलेल्या संघटनेने नोव्हेंबर २०१४ मध्ये दाखल केला, २०१८ साली बॉस्टनमध्ये साक्षीपुरावे झाले, आणि जी माहिती विद्यापीठाने एरवी कधीही दिली नसती ती दीड लाखाहून अधिक अर्जांच्या आकडेवारीसह बाहेर आली. प्रत्येक अर्जाला अभ्यास, इतर उपक्रम, खेळ, शाळेचा पाठिंबा, व्यक्तिमत्त्व आणि एकंदर अशा सहा बाबींत श्रेणी दिली जाते. व्यक्तिमत्त्वाच्या श्रेणीत विद्यार्थ्याचा प्रेमळपणा, धैर्य, इतरांशी जमवून घेण्याची वृत्ती अशा गोष्टी तोलल्या जात. याच श्रेणीत आशियाई वंशाच्या अर्जदारांना सरासरीने सर्वांत कमी मिळत होते. विशेष म्हणजे ज्या माजी विद्यार्थ्यांनी या मुलांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या होत्या, त्यांच्या मतांत ही तफावत तशी दिसत नव्हती. ज्यांनी बहुतेक मुलांना कधी पाहिलेही नव्हते, त्या कार्यालयातल्या वाचकांना ती मुले कमी आवडण्याजोगी वाटत होती. जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी २०१९ मध्ये हा फरक मान्य केला, पण त्यामागे हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही असे म्हणून हार्वर्डच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आलेला एक आकडा मात्र विसरता येण्याजोगा नाही. अभ्यासाच्या निकषावर सर्व अर्जदारांचे दहा समान गट केले, तर खालून चौथ्या गटातल्या कृष्णवर्णीय अर्जदाराला प्रवेश मिळण्याची शक्यता १२.८ टक्के होती, आणि सर्वांत वरच्या गटातल्या आशियाई अर्जदाराला १२.७ टक्के.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी आईवडिलांना हा आकडा वाचून संताप येतो, आणि तो संताप खोटा नाही. ज्या मुलीने चौदा वर्षे मान मोडून अभ्यास केला तिला ‘तू जरा कमी प्रेमळ आहेस’ असे न सांगता शिक्षा होणार असेल, तर ती अन्यायाचीच गोष्ट आहे. ज्या उदारमतवाद्यांनी ही तक्रार गोऱ्या प्रतिगाम्यांचे कारस्थान म्हणून झटकून टाकली, त्यांनी एका खऱ्या दुखण्याला नाव देण्याचे काम विरोधकांच्या हाती सोपवले. मात्र त्या संतापातून निघणारा नेहमीचा उपाय, म्हणजे फक्त गुण पाहा आणि बाकीचे सोडून द्या, तो इथे चालत नाही. खटल्यात तपासलेल्या एका वर्षी देशांतर्गत अर्जदार सुमारे २६,००० होते. त्यांतल्या आठ हजारांहून अधिक जणांची शालेय सरासरी पैकीच्या पैकी होती, आणि सुमारे ३,५०० जणांना सॅट या प्रवेशपरीक्षेच्या गणितात पूर्ण गुण होते. जागा मात्र दोन हजारांच्या आत. गुणांची फूटपट्टी जिथे संपते तिथून पुढेच तिथला खरा निवाडा सुरू होतो. तेव्हा निवड गुणांपलीकडे जाते की नाही, हा प्रश्न फोल आहे. ती जाणारच. गुणांपलीकडे गेल्यावर कोणाचे काय पाहिले जाते, आणि ते आधी सांगितले जाते काय, हा प्रश्न उरतो.

इथे शंभर वर्षे मागे जावे लागते, कारण ‘व्यक्तिमत्त्व’ नावाची ही श्रेणी आकाशातून पडलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डचा प्रवेश बव्हंशी लेखी परीक्षेवर होत असे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुले ती परीक्षा उत्तम देत, आणि १९२२ पर्यंत नव्या वर्गातील त्यांचे प्रमाण एक पंचमांशाच्या पुढे गेले. विद्यापीठाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल यांना ही गोष्ट संकटासारखी वाटली. त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांसाठी सरळ पंधरा टक्क्यांची कमाल मर्यादा सुचवली. ती उघड असल्यामुळे तिच्यावर टीका झाली आणि ती फेटाळली गेली. मग जे उघडपणे करता आले नाही ते आडमार्गाने झाले. अर्जात वंश, धर्म, आईचे माहेरचे आडनाव विचारले जाऊ लागले, आणि जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय, असाही प्रश्न आला, म्हणजे आडनाव बदलून कोणी आत शिरू नये. १९२६ पासून ‘चारित्र्य’ आणि एकंदर योग्यता यांना अधिकृत महत्त्व मिळाले, छायाचित्र मागितले जाऊ लागले, आणि ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण झपाट्याने घसरले. लोवेल यांनी मागितलेली टक्केवारी कोणत्याही नियमात न लिहिता जवळपास हाती आली. शिफारसपत्र, मुलाखत, सर्वांगीण व्यक्तिमत्त्व, भौगोलिक विविधता ही आज प्रतिष्ठेची वाटणारी सगळी सामग्री त्या काळात एका समाजाला दाराबाहेर ठेवण्याच्या कामी आली होती, आणि नंतरही तीच वापरात राहिली. यंत्र तेच ठेवून पुढच्या पिढीतल्या भल्या माणसांनी त्याच्याकडून भले काम करून घ्यायचे ठरवले, एवढाच फरक. कृष्णवर्णीय मुलांना आत घेणारे यंत्र आणि आशियाई मुलांना ‘शांत, कष्टाळू, पण विशेष काही नाही’ म्हणून मागे सारणारे यंत्र एकच होते, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

हे शेवटचे वर्णन मी अतिशयोक्तीने केलेले नाही. १९८८ ते १९९० या काळात अमेरिकी शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने हार्वर्डची चौकशी केली होती. आशियाई अर्जदारांविषयी वाचकांनी केलेल्या शेऱ्यांत ‘लाजाळू’, ‘गणित-विज्ञानाकडे कल’, ‘मेहनती’ असे शब्द वारंवार येतात, हे त्या चौकशीत आढळले. गोऱ्या अर्जदारांना प्रवेश मिळण्याचे प्रमाण आशियाई अर्जदारांहून जास्त आहे, हेही आढळले. निष्कर्ष काय निघाला? हा फरक वंशभेदामुळे नसून माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना आणि खेळाडूंना मिळणाऱ्या प्राधान्यामुळे आहे, आणि ते प्राधान्य कायदेशीर आहे. सबब हार्वर्ड निर्दोष. म्हणजे आशियाई मुलाची जागा कोणाला गेली याचे सरकारी उत्तर १९९० सालीच मिळाले होते. ते उत्तर ‘कृष्णवर्णीय मुलाला’ असे नव्हते.

२०१८ च्या पुराव्यांनी त्या उत्तराला आकडे दिले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना तिथे ‘लेगसी’ म्हणतात. त्यांच्या अर्जांपैकी सुमारे ३४ टक्के स्वीकारले जात होते, इतरांपैकी सुमारे ६ टक्के. संघासाठी निवडलेल्या खेळाडूंना प्रवेश मिळण्याचे प्रमाण ८६ टक्क्यांच्या आसपास होते. आणि यांत रोइंग, तलवारबाजी, स्क्वॉश असे खेळ येतात, जे शिकवायला शहरातल्या गरीब वस्तीतली शाळा सहसा असमर्थ असते. याशिवाय देणगीदारांच्या मुलांसाठी अधिष्ठात्यांची वेगळी यादी असे आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांच्या मुलांना वेगळे झुकते माप असे. फिर्यादी संघटनेचे तज्ज्ञ, ड्यूक विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ पीटर आर्सिडियाकोनो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह नंतर दाखवून दिले की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्के या चारांपैकी कोणत्या ना कोणत्या दाराने आत आले होते, आणि हे प्राधान्य नसते तर त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश नाकारले गेले असते. कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा आशियाई विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्याही खाली होते. ज्या तज्ज्ञाच्या आकड्यांवर वंशाचा रकाना पुसला गेला, त्याच तज्ज्ञाचे हे आकडे आहेत. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचे २०२३ चे संशोधन त्यापुढे जाते : परीक्षेतले गुण सारखे असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या मोजक्या खाजगी विद्यापीठांत पोचतात, आणि राज्यांच्या नामांकित सरकारी विद्यापीठांत असा फरक दिसत नाही. सरकारी विद्यापीठांना जे जमते ते हार्वर्डला जमत नाही असे नाही. त्याला ते नको आहे.

आता कृष्णवर्णीयांच्या दाव्याकडे यायला हवे, कारण या सगळ्या वादात त्यांच्याकडचे सर्वांत बळकट कारण त्यांच्या हातून कोणी काढून घेतले, हे क्वचितच सांगितले जाते. जून १९६५ मध्ये हॉवर्ड (हार्वर्ड नव्हे) या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात बोलताना राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी म्हटले होते की वर्षानुवर्षे साखळदंडांनी जखडलेल्या माणसाला मोकळे करून शर्यतीच्या रेषेवर आणून उभे करायचे आणि ‘आता धाव’ म्हणायचे, याला न्याय म्हणता येत नाही. हे कारण इतिहासाचे होते, आणि तो इतिहास केवळ गुलामगिरीपुरता नव्हता. १९३० च्या दशकापासून सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने दाखवून तिथे गृहकर्ज नाकारले गेले. अमेरिकेतल्या शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ताकरातून चालतो, त्यामुळे घराची किंमत पडली की शाळाही पडते. परिणाम आजही मोजता येतो. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यम संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००. हा सहापटीचा फरक कोणाच्या आळसातून आलेला नाही. त्याच्या मागे कायदे आहेत, तारखा आहेत, सह्या आहेत.

पण १९७८ च्या निकालात पॉवेल यांनी नेमके हेच कारण अमान्य केले. समाजाने केलेल्या सर्वसाधारण अन्यायाची भरपाई विद्यापीठाने करू नये, असे त्यांचे मत पडले. वर्गात विविधता असल्याने सर्वांचेच शिक्षण चांगले होते, एवढे एकच कारण त्यांनी ग्राह्य धरले. त्याच निकालात न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी गुलामगिरीपासूनचा सगळा इतिहास मांडून याला विरोध केला, पण तो अल्पमतात राहिला. तेव्हापासून कृष्णवर्णीय मुलगी हार्वर्डमध्ये का असावी याचे अधिकृत उत्तर असे झाले की तिच्या असण्याने तिच्या गोऱ्या वर्गमित्रांचे अनुभवविश्व समृद्ध होते. तिचे देणे लागतो म्हणून नव्हे. हार्वर्डच्या त्या काळच्या पत्रकात तर आयडाहोच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी यांची वर्गाला रंगत आणणारे म्हणून शेजारी शेजारी गणना केलेली होती. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला तेव्हा त्यांना जो धागा दिसला होता तो ऋणाचा आणि मुक्तीचा होता, विविधतेचा नव्हता. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये १९५१ साली चौथे कलम घालताना ‘सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास’ असे शब्द वापरले गेले. त्या शब्दांवर गेली सत्तर वर्षे आपण भांडतो आहोत : कोण मागास, किती मागास, कोणत्या पाहणीने, पन्नास टक्क्यांच्या आत की बाहेर. हे भांडण कंटाळवाणे आहे आणि अनेकदा ओंगळही आहे, पण ते कशाविषयी आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी पंचेचाळीस वर्षे ऋण फेडण्याचे थोडेफार काम केले आणि विचारले की विविधतेचे नाव सांगितले.

त्यामुळे २०२३ मध्ये मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी जेव्हा विचारले की हे उद्दिष्ट साध्य झाले हे मोजायचे कसे आणि ते कधी संपणार, तेव्हा हार्वर्डकडे उत्तर नव्हते. विविधता पुरेशी झाली असे कोणत्या आकड्याला म्हणायचे? आकडा सांगितला असता तर तो कोटा ठरला असता. रॉबर्ट्स यांनी वर्गवारीवरही बोट ठेवले : ‘आशियाई’ या एका चौकटीत पूर्व आशिया आणि दक्षिण आशिया दोन्ही कोंबलेले, आणि पश्चिम आशियातून आलेल्यांनी कुठे खूण करायची याचा पत्ता नाही. माझे मत निकालाच्या एकंदर दिशेच्या विरोधात आहे, परंतु या दोन मुद्द्यांवर न्यायालय चुकले असे मला म्हणता येत नाही. कृष्णवर्णीयांच्या चौकटीविषयीही असेच म्हणता येते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार निवडक महाविद्यालयांतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी २७ टक्के आफ्रिका किंवा कॅरिबियनमधून आलेल्या स्थलांतरितांच्या पहिल्या वा दुसऱ्या पिढीतले होते, आणि आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येल अशा नामांकित विद्यापीठांच्या गटात, ४१ टक्के. या मुलांनाही वर्णद्वेषाचा काच सोसावा लागतो, हे खरेच. पण लाल नकाशांचा आणि त्याआधीच्या गुलामगिरीचा वारसा ज्यांच्या घरात आहे, ती मुले याहून बरीच मागे राहिली. कारण ऋणाचे असते तर हा प्रश्न आपल्याकडच्या ‘क्रीमी लेअर’सारखा उघड चर्चेला आला असता. विविधतेच्या हिशेबात तो उद्भवतच नाही. छायाचित्रात रंग दिसला की हिशेब पुरा.

‘आशियाई’ या चौकटीची एक हकीकत तर भारतीयांनी विसरू नये अशी आहे. १९७० च्या जनगणनेत अमेरिकेतील भारतीयांची गणना गोऱ्यांमध्ये झाली होती. पुढच्या काही वर्षांत तिथल्या भारतीयांच्या संघटनांनीच प्रयत्न करून, आम्हालाही वंशभेद सोसावा लागतो, आम्हाला अल्पसंख्यांत मोजा, अशी मागणी केली, आणि १९८० च्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ हा वेगळा पर्याय आला. जी चौकट आमच्या मुलांना नडते असे आज म्हटले जाते, तिच्यात आम्ही स्वतः अर्ज करून गेलो. त्याही आधी, आमचे तिथे असणेच ज्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यावर उभे आहे, तो राष्ट्रनिहाय कोटे मोडणारा कायदा नागरी हक्क चळवळीच्या लाटेत संमत झाला. ती लाट उठवण्यासाठी मार खाणारे आणि तुरुंगात जाणारे बहुतेक लोक कृष्णवर्णीय होते. त्या कायद्याने भारतातून कोणाला आत घेतले? डॉक्टर, इंजिनिअर, पदवीधर. त्यांतल्या अनेकांचे शिक्षण भारत सरकारच्या अनुदानावर जवळजवळ फुकट झाले होते, आणि ते घेण्याची संधी पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या घरांना मिळत आली होती हे वेगळे सांगायला नको. हे सगळे गाळून ‘आमच्या मुलाने फक्त मेहनत केली’ असे म्हणणे ही अर्धी गोष्ट आहे. कोलंबिया विद्यापीठात १९१३ साली पोचलेल्या भीमराव आंबेडकरांच्या मागे बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती, आणि ती गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही.

निकालानंतर काय झाले? चित्र सगळीकडे एकसारखे नाही. एमआयटीमध्ये २०२४ साली आलेल्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी आधीच्या वर्षांच्या सरासरी १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, आणि आशियाई ४७ टक्क्यांवर गेले. ॲमहर्स्ट महाविद्यालयात कृष्णवर्णीय ११ वरून ३ टक्क्यांवर घसरले. हार्वर्डमध्ये १८ वरून १४. आशियाई तेवढेच, ३७. येलमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण बदलले नाही आणि आशियाईंचे उलट घटले. ज्यांच्या नावाने खटला लढवला गेला त्यांचा हार्वर्डमधला वाटा पहिल्या वर्षी जागचा हलला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एका वर्षाच्या आकड्यांवरून फार काही सिद्ध होत नाही, हे खरे. पण कॅलिफोर्नियाकडे पाव शतकाहून अधिक काळाचा अनुभव आहे. तिथल्या मतदारांनी १९९६ मध्ये सरकारी विद्यापीठांतला वंशविचार बंद केल्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि लॉस एंजेलिस या दोन ठिकाणी कृष्णवर्णीय व लॅटिनोंसारख्या अल्पसंख्यांचे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले, आणि गरीब शाळांपर्यंत पोचण्याच्या कार्यक्रमांवर २००४ पासून पन्नास कोटी डॉलरहून जास्त खर्च करूनही ते पूर्ववत झाले नाही, असे त्या विद्यापीठानेच सर्वोच्च न्यायालयाला कळवले होते. टेक्सासने दुसरी युक्ती केली : राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात प्रवेशाची हमी. ती बऱ्यापैकी चालली, पण ती चालण्याचे कारण असे की तिथल्या शाळा आजही मोठ्या प्रमाणात वंशानुसार विभागलेल्या आहेत.

तरीही मला टेक्सासची पद्धत हार्वर्डपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण ती एका वाक्यात सांगता येते आणि ज्याला ती अन्यायकारक वाटते त्याला ती मोजून दाखवता येते. आपल्याकडे खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांत पैसेवाल्यांसाठी दार आहे, पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवायला मुभा दिली. मला तो कोटा पसंत नाही. पण तो पंधरा टक्के आहे हे मला ठाऊक आहे, त्याचे शुल्क जाहीर होते, आणि त्यातून आलेल्या मुलाचे व्यक्तिमत्त्व इतरांहून अधिक तेजस्वी असल्याचा दावा कोणी करीत नाही. हार्वर्डने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी अमुक टक्के जागा असे छापावे, मग पाहू किती दिवस टिकतात. जॉन्स हॉपकिन्सने ही प्रथा २०१४ मध्ये सोडली. २००९ च्या वर्गात अशा मुलांचे प्रमाण साडेबारा टक्के होते, ते दहा वर्षांत साडेतीनवर आले, आणि विद्यापीठ काही बुडाले नाही. कोलोरॅडो, व्हर्जिनिया, इलिनॉय या राज्यांनी सरकारी विद्यापीठांत तिला बंदी केली, आणि मेरीलँड व कॅलिफोर्निया यांनी खाजगी विद्यापीठांतही. न्यायमूर्ती नील गॉर्सच हे चौथा रकाना पुसणाऱ्यांपैकीच एक. त्यांनीही आपल्या स्वतंत्र मतात नोंदवले की या प्रथांचा सर्वाधिक फायदा गोऱ्या आणि श्रीमंत अर्जदारांना होतो.

निकालपत्राच्या शेवटाकडे रॉबर्ट्स यांनी एक फट ठेवली. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे विद्यार्थ्याने निबंधात सांगितले तर विद्यापीठाला ते विचारात घेता येईल, मात्र तो परिणाम त्याच्या धैर्याशी किंवा अंगच्या गुणांशी जोडलेला हवा. हार्वर्डने त्याच वर्षी अर्जातले प्रश्न बदलले. तुम्हाला घडवणाऱ्या जीवनानुभवांमुळे तुम्ही हार्वर्डला काय देऊ शकाल, असा प्रश्न आला, आणि उत्तराला त्या वर्षी दोनशे शब्दांची मर्यादा होती. म्हणजे शिकागोच्या दक्षिण भागातल्या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने तीन पिढ्यांची गोष्ट एवढ्याशा शब्दांत अशी मांडायची की वाचणाऱ्याला ती दुःखाची न वाटता कर्तबगारीची वाटावी. हार्वर्डमध्ये शिकलेल्या बापाच्या मुलाला याच कामासाठी निबंध लिहावा लागत नाही. आईवडिलांचे महाविद्यालय कोणते, हा प्रश्न अर्जात आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येते.